आभाळ कापणारे सर

पुस्तक विकत आणलं की सर आधी त्याची प्रस्तावना फाडायचे. रागानं नव्हे. पट्टी लावून, शिवणीपाशी अलगद धरून, तान्ह्या मुलाची नखं कापावीत तितक्या काळजीनं. मग अर्पणपत्रिका, मग ऋणनिर्देश, मग शेवटची सूची. उरलेलं पुस्तक हातावर तोलून बघत आणि म्हणत, "आता आलं वजनावर." हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. पुण्यात विक्षिप्त माणसाचं कौतुक करायची पद्धतच आहे, तसं आम्हीही केलं.

सर अजून आहेत. वारज्याला मुलीकडे असतात, तब्येत ठणठणीत आहे. तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम मला लागू होत नाही, आणि झाला असता तरी मी पाळला नसता. धायरीतल्या एका घराची जायची-यायची वाट या माणसानं घालवली. पैसे खाऊन नव्हे, कुणाच्या दबावाला बळी पडून नव्हे. निव्वळ नीटनेटकेपणापायी. लाचखाऊ माणसाला निदान शिव्या तरी मोकळेपणानं देता येतात.

ते आमच्या संस्थेचे मानद कार्यवाह होते. संस्था पेठेतली, आसपासच्या गावांचे जुने कागद गोळा करून सांभाळणारी. मी तिथे कागदपत्रांचा विभाग बघते. म्हणजे कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आणि निर्णय विश्वस्तांकडे. सर कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले आणि आल्या दिवसापासून त्यांना एकाच गोष्टीची शिसारी होती, ती म्हणजे जास्तीची. चहा अर्धा कप घेत आणि त्यातलाही घोटभर ठेवून देत. फोन उचलून 'हॅलो' म्हणत नसत. समोरच्याला बोलायचं असेल तर तो बोलेलच. स्वतःच्या घरातली एक खोली त्यांनी कुलूप लावून बंद केली होती, 'लागत नाही' म्हणून. पुण्यातल्या पाट्यांची जग थट्टा करतं, पण सरांनी संस्थेत होत्या त्या पाट्याही काढून टाकल्या. 'चपला बाहेर काढा' ही पाटी गेल्यावर लोक चपला घालून आत येऊ लागले. मग सर दारात उभे राहून येणाऱ्याच्या पायांकडे बघत राहायचे. काही बोलायचे नाहीत. तो बिचारा आपोआप मागे फिरायचा.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले असताना काकूंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडला. आत नुसती डोकी होती. फोटोतून कात्रीनं कापून काढलेली, बोराएवढी, सुपारीएवढी डोकी.

"हे काय हो काकू?"

"आमचा अल्बम. यांनी आटोपशीर केलाय." त्यांनी दोन डोकी बोटाच्या टोकावर घेतली. "हा आमचा महाबळेश्वरचा फोटो. यात महाबळेश्वर नाही."

आतल्या खोलीतून, वर्तमानपत्राआडून, सरांचा आवाज आला, "आभाळ कशाला साठवायचं? आभाळ बाहेर आहे की!"

आम्ही बायका हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डब्यातून आणखी एक तुकडा काढला. त्यांच्या लग्नातला. नऊवारीतली कोवळी काकू, आणि कडेला कात्रीची सरळ रेघ.

"इथं मागे माझी आई उभी होती," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाईच्या खांद्याआड अर्धीच दिसत होती, म्हणून काढली यांनी. म्हणे, अर्धं माणूस कुणाला ओळखू येणार? मला येत होतं ओळखू."

हे त्या तिळाची वडी माझ्या हातावर ठेवता ठेवता बोलल्या, आवाज जराही न चढवता. त्यांचा राग किती जुना असेल याचा अंदाज मला फार उशिरा आला.

सरांच्या बाजूनं सांगण्यासारखं खूप आहे, आणि ते सांगायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतील बाई सूड उगवते आहे. संस्थेकडून त्यांनी कधी रिक्षाभाडंसुद्धा घेतलं नाही. सायकलवर येत. खोटं बोलत नसत. एवढंसं, कुणाचं मन राखण्यापुरतंही नाही. माझा नवरा इस्पितळात होता तेव्हा सर रोज सकाळी डबा घेऊन यायचे, स्टुलावर न बोलता बसायचे, आदल्या दिवशीचा डबा तिथल्या नळावर घासून घेऊन जायचे. माझ्या सख्ख्या दिरानं एवढं केलं नाही. म्हणून तर माझा राग असा धड जळत नाही आणि धड विझतही नाही. वाईट माणसावर रागवायला काही लागत नाही. या माणसाच्या साधेपणाचे पेठेत गोडवे गातात, आणि मी ते गप्प बसून ऐकायचं! अहो, स्वतःच्या वस्तू टाकणं हा साधेपणा. दुसऱ्याच्या टाकणं याला काय म्हणायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पेठेतच पूर्वी एक मोजणीदार राहायचे. सरकारी नव्हेत, खासगी. आसपासच्या गावांत भावाभावांची वाटणी झाली की त्यांना बोलावणं यायचं. ते साखळी घेऊन जात, जमीन मोजत आणि वाटणीचा नकाशा हातानं काढून देत. एक प्रत त्या घरच्यांना, एक स्वतःकडे. त्यांच्या नातवंडांनी त्या सगळ्या गुंडाळ्या आमच्या संस्थेला दिल्या. काय सुरेख हात होता त्यांचा! बांध काळ्या शाईनं, आणि जायची-यायची वाट गेरूनं, तांबडी. कोपऱ्यात दोन इवलेसे चौकोन: काळ्यापुढे लिहिलेलं 'बांध', तांबड्यापुढे 'वाट'. गुंडाळी उलगडली की बोटाला तो गेरू किंचित लागायचा. मी कितीतरी दुपारी ते नकाशे नुसते बघत बसले आहे. त्यातला धायरीचा एक मला चांगला आठवतो: विहिरीला वळसा घालून, बांधाच्या वरच्या अंगानं, थेट घरांपर्यंत गेलेली तांबडी वाट.

मग संस्थेचे सगळे कागद स्कॅन करायचे ठरलं. स्कॅन करायचं म्हणजे कागदाचा फोटो काढायचा, आणि तो फोटो कुठल्या प्रकारच्या फाईलमध्ये ठेवायचा हे आधी ठरवायचं. ज्याला काम दिलं होतं त्यानं सरळ सांगितलं, "मॅडम, मूळ फाईल रंगीत टिफमध्ये ठेवा. जाडजूड होते, जागा खाते, पण कागदावर जे आहे ते सगळं राहतं. लोकांना दाखवायला तिच्यावरून हलकी जेपेग काढू." मीही तेच म्हणत होते. सरांनी टिफ फाईलचा आकार पाहिला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी चपला घालून देवघरात आलंय.

"काळी-पांढरी पीडीएफ," सर म्हणाले.

काळी-पांढरी म्हणजे जुन्या फोटोसारखी करडी नव्हे. कागदावरचा प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा, नाहीतर पूर्ण पांढरा. मधलं काही नाही. पेन्सिलीची फिकी नोंद पांढऱ्यात जमा, गडद रंग काळ्यात जमा.

"सर, रंगीत टिफवरून काळी-पांढरी कधीही करता येईल. काळ्या-पांढऱ्यातून रंग परत येणार नाही."

"परत कशाला आणायचाय? पान म्हणजे काय? काळी शाई आणि पांढरा कागद. तिसरं काही असेल तर तो डाग."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की विश्वस्तांच्या बैठकीत त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. त्या बैठकीची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. सरांनी भिंतीवर एकाच कागदाची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक रंगीत टिफ, एक काळी-पांढरी. कागद कुठला निवडला होता? टाईप केलेलं पत्र! रंगीत चित्रात पिवळा पडलेला कागद दिसत होता, चहाचा डाग, मागच्या बाजूची शाई उमटलेली. काळं-पांढरं चित्र धुतल्यासारखं लख्ख. आमचे विश्वस्त सगळे चष्मेवाले. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला आणि म्हणाले, "वा! हे मुळापेक्षा चांगलं दिसतंय."

"एकदा नकाशा लावून बघा ना," मी म्हटलं.

"नकाशा हा अपवाद आहे," सर म्हणाले. "अपवादावर नियम करत नाहीत."

"मग अपवादासाठी अपवाद करा! नकाशे तेवढे रंगीत ठेवू."

"दोन पद्धती म्हणजे एक जास्तीची."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी मारी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. ठराव झाला. मी विरोध नोंदवा म्हणाले, तर सरांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला, दोन शब्दांत: 'बाईंचा विरोध.' कशाला विरोध, का विरोध, ते जास्तीचं.

काम संपलं तेव्हा सगळी संस्था एका पेन ड्राइव्हमध्ये मावली. सरांनी तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, सदऱ्याच्या आत. कुणी पाहुणा आला की बाहेर काढून दाखवायचे. "ही पलीकडची खोली आहे ना, छतापर्यंत भरलेली? ती ही." माझ्या उभ्या आयुष्यात मी सरांना खळखळून हसताना पाहिलं ते तेवढंच. मुलगा झाल्यावर माणूस पेढे वाटताना हसतो तसे हसायचे.

आता खोलीतले खरे कागद त्यांना डोळ्यांसमोर नको झाले. त्यातच एका कपाटाला वाळवी लागली. सरांना कारण मिळालं आणि विश्वस्तांना सभागृहासाठी खोली हवीच होती. कागद लगद्याच्या गिरणीला द्यायचे ठरले. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी मी पायरीवर उभी राहिले.

"सर, नकाशे तरी ठेवा हो. पाया पडते."

"दोन प्रती म्हणजे..."

"एक जास्तीची, माहीत आहे मला! पण ती जास्तीची नाही. ती खरी आहे."

"खरी म्हणजे काय? अक्षर तेच, रेषा त्याच. आपण कागदात अडकला आहात." हे ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. त्या वयात त्यांनी स्वतः गठ्ठे उचलून टेम्पोत रचले, दोरी आवळली, खाली सांडलेला एक कपटाही उचलून आत टाकला. मी चालत्या टेम्पोत हात घालून हाताला लागतील तेवढ्या गुंडाळ्या ओढून काढल्या. सरांनी अडवलं नाही. "तेवढ्यानं बरं वाटत असेल तर ठेवा," म्हणाले. त्या गुंडाळ्या अजून माझ्या घरी कपाटावर आहेत. सगळ्या दुसऱ्या गावांच्या. त्यात धायरीचा नकाशा नाही.

धायरीच्या ताई आल्या त्या त्यानंतर. माझ्याच वयाच्या. अंगणवाडीत कामाला, पदर खोचलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"म्याडम, आमच्या वाटणीचा नकाशा हाय म्हनं तुमच्याकडं."

त्यांची घरं आतल्या बाजूला होती आणि पुढची जमीन चुलत्यांनी बिल्डरला विकली होती. बिल्डर कुंपणाची भिंत घालणार होता, ती नेमकी यांच्या वाटेवरून. सरकारी नकाशात ही वाट नव्हती, कारण ती भावाभावांनी वाटणीत ठेवलेली. ती होती फक्त मोजणीदारांच्या नकाशात. ताईंच्या घरची प्रत गळक्या छपराखाली कुजून गेली होती. सासूबाईंना डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि रिक्षा त्या वाटेनं अगदी दारापर्यंत यायची.

"भिंत झाली तर रिक्षा न्हाई यायची. म्हातारीला चालवत न्हाई, म्याडम. सुनावनी हाय. सायेब म्हनले, वाट दाखवा कागदावर, भिंत थांबवतो."

मी फाईल उघडली. कोपऱ्यात दोन इवलेसे चौकोन होते. एकापुढे 'बांध', एकापुढे 'वाट'. दोन्ही काळेकुट्ट. आणि नकाशाभर रेषा, सगळ्या काळ्या, सगळ्या एकाच जातीच्या.

ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांना काही अडचण नव्हती. "ही बगा आमची वाट. हिरीला वळसा घालून. आन ही वढ्याकडंची, त्यो बांध हाय." मग त्या थांबल्या. "पर म्याडम, सासरे म्हनायचे तांबडी वाट काढलीया. ह्यात तांबडं कुटं हाय?"

मी काय सांगणार होते? तांबडं लगद्यात गेलं, ताई. त्या लगद्याचे पुठ्ठे झाले आणि त्यात कुणाचे तरी बूट विकले गेले.

मी सरांच्या खोलीत गेले आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्यामागून येऊन पडद्यासमोर वाकले, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सगळ्या रेषा आहेत."

"पण वाट कोणती ते कळत नाही, सर!"

"माहितगाराला कळतं. या बाईंना कळलं."

"त्या पक्षकार आहेत. त्यांचं कोण ऐकणार? तुम्ही चला. सांगा की मूळ नकाशा रंगीत होता, स्कॅन करताना रंग गेला, ही नक्कल अपुरी आहे. एवढं एकच वाक्य."

"जे आहे ते सांगेन," सर म्हणाले. मी वेडी. मला वाटलं, हो म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी सर तहसील कचेरीत सायकलवरच आले. अधिकारी समजूतदार होते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी आमची नक्कल नीट निरखली. खाली सरांच्या सहीचा शिक्का होता: 'मुळाबरहुकूम खरी नक्कल.'

"वाट होती हे दिसतंय," ते म्हणाले. "खुणा दोन आहेत, म्हणजे रेषाही दोन प्रकारच्या असणार. पण यातली वाट कोणती?"

बिल्डरच्या वकिलानं पेन्सिलीचं टोक ओढ्याकडच्या रेषेवर ठेवलं. "साहेब, वाट ही. ओढ्याच्या काठानं. ती आम्ही अडवलेलीच नाही."

"त्यो बांध हाय सायेब!" ताई ओरडल्या. "तितनं शेरडंबी जात न्हाईत!"

मी उभी राहिले. मी मूळ नकाशा पाहिला आहे, विहिरीला वळसा घालून गेलेली वाट तांबडी होती, असं सांगितलं. वकील गोड हसला. "मॅडम, आपल्याकडे असे किती नकाशे होते? शेकड्यांनी? आणि हाच आपल्याला आठवतो? बरं, आपली आठवण खरी धरायची, की आपल्याच संस्थेचा हा शिक्का?" मग तो सरांकडे वळला. "सर, आपण मूळ नकाशा पाहिला होता?"

"नाही," सर म्हणाले. "मोजून घेतले होते. उलगडले नव्हते."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं, इतक्या गुंडाळ्या, आणि या माणसानं एकही उलगडून बघितली नव्हती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही नक्कल मुळाप्रमाणे आहे, यावर आपण ठाम आहात? काही सुटलं असेल तर आत्ता सांगा. या बाईंच्या घरचा प्रश्न आहे." त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. सरांनी फक्त चालायचं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते, ताई बघत होत्या. सरांचा हात सदऱ्यावरून त्या पेन ड्राइव्हकडे गेला. मला आजही शपथेवर सांगता येईल की त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं.

"ठाम आहे," सर म्हणाले. "एकही रेषा गेलेली नाही."

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसानं खऱ्याच वाक्यानं त्या बाईच्या घरावर नांगर फिरवला. एक ओळ जास्तीची बोलला असता, 'रेषा आहेत, रंग गेला,' तर काय बिघडलं असतं त्याचं? त्याची ती लख्ख, आटोपशीर, गळ्यात मावणारी संस्था चुकली असं ठरलं असतं. बस, एवढंच. एवढं त्याला सोसलं नाही. हो, मी अरेतुरे करते आहे. इथे मला 'अहो' सुचत नाही.

बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. सर त्यांच्यासमोरून जाताना थबकले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी विचारलं, "तो तांबडा कसा होता? गडद, की फिका?"

ताईंनी त्यांच्याकडे नवलानं बघितलं. "सायेब, मला काय ठावं रंगाचं? आमची वाट मातीची हाय."

निकाल ओढ्याकडच्या रेषेच्या बाजूनं लागला. ताईंनी वरती अर्ज केला आहे, तारखा पडताहेत. भिंत मात्र झाली, चांगली पुरुषभर उंच. मी मध्यंतरी धायरीला गेले होते. सासूबाईंचा डायलिसिसचा दिवस होता. दोघा नातवांनी म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीनं खुर्चीला बांधलं आणि खुर्ची उचलून ओढ्याच्या कडेनं निघाले. एका ठिकाणी गाळात पाय रुतला आणि खुर्ची तिरकी झाली. म्हातारीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. ताई मागून चालत होत्या, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पावसाळ्यात कसं करायचं, म्याडम?"

सरांनी पुढे वयाचं कारण सांगून कार्यवाहपद सोडलं. निरोप समारंभात अध्यक्षांनी त्यांच्या साध्या राहणीवर भाषण केलं. मी गेले नव्हते.

तेव्हापासून ते मला फोन करतात. 'हॅलो' नाही, 'कशा आहात' नाही. कधी दुपारी, कधी सकाळी मी पोळ्या लाटत असताना. दर वेळी तेच. तांबडा म्हणजे कुंकवासारखा का? विटेसारखा? कडेला फिका होत जायचा, की सगळीकडे सारखाच? परवा काकूंनीच मध्ये फोन घेतला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, काहीतरी सांग बाई त्यांना. झोपत नाहीत." काकूंसाठी मला वाईट वाटलं. पण सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो रंग अगदी स्वच्छ आहे: पावसानंतर ओल्या झालेल्या कौलासारखा, विहिरीपाशी जरा दाट, घराकडे जाताना कुंचल्यातलं पाणी संपल्यानं कोरडा. मला तो कुणालाही सांगता येतो. ताईंच्या वकिलाला मी तो लिहून दिला आहे, उद्या कुणी विचारलं तर पुन्हा सांगेन. फक्त सरांना नाही. त्यांना पश्चात्ताप झाला असेल तर होऊ दे. पश्चात्तापानं म्हातारीची खुर्ची खाली टेकत नाही.

काल पुन्हा फोन आला. आवाज बारीक झाला आहे आता.

"गेरूचा होता का हो?" सरांनी विचारलं. "एवढंच सांगा. हो की नाही."

"सर," मी म्हटलं, "फाईल उघडून बघा."